टोकाची भूमिका

किल्ली फिरवली की ट्रॅक्टरनं एक तर सुरू व्हावं, नाही तर गप्प बसावं. आमच्या ट्रॅक्टरनं तिसराच मार्ग काढला होता. तो नुसता ‘कट्’ म्हणायचा. लग्नाचा विषय निघाला की आमचा पुतण्या जिभेनं ‘च्यक्’ करून उठून जातो, तसा. त्यावर पुढं काही बोलताच यायचं नाही.

रोहिणी लागलेली, मोताळ्यात पारा 44 वर आणि वखरणी राहिलेली. मृगाचा पाऊस वेळेवर येत नाही हे आम्हाला माहीत असतं, तरी रान वेळेवर तयार लागतं. पाऊस चुकला तर दोष त्याचा. रान चुकलं तर चारचौघांत आपला.

इंजिन फिरेना झालं की आमच्याकडं ‘सेल्फ घेत नाही’ म्हणतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला विज्ञानाचा मास्तर. निवृत्त माणसाचाही सेल्फ सकाळी लवकर घेत नाही, पण त्याला निदान चहा पाजता येतो. ट्रॅक्टरला टोचन लागतं. पहिले चार दिवस धाकट्या भावानं शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला टोचन लावून आमचा ओढून सुरू केला. पाचव्या दिवशी शेजाऱ्यानं सहज डिझेलच्या भावाचा विषय काढला. बुलढाण्याकडचे लोक या बाबतीत सुखी. त्यांना राजूर घाट आहे; उतारावर गाडी लावून ठेवली की गुरुत्वाकर्षण फुकट. मोताळा घाटाच्या खाली. आमच्यापर्यंत येता येता गुरुत्वाकर्षण संपलेलं असतं.

गावाचं निदान मात्र एकमुखानं झालं : बॅटरी गेली.

बॅटरी मोठी, जड, काळी आणि महाग. दोष असला तर तो अशाच वस्तूत असणार, अशी आपली श्रद्धा आहे. नळाला पाणी आलं नाही तर आपण धरणाबद्दल बोलतो, वॉशरबद्दल नाही. भावानं जुनी बॅटरी दिली, वर पैसे दिले आणि नवी आणली. तिला हळदकुंकू झालं, नारळ फुटला, शेजाऱ्यांनी खोबरं खाल्लं. भावानं ट्रॅक्टरवर बसून किल्ली फिरवली.

‘कट्.’

आवाज पहिल्यापेक्षा खणखणीत आला, एवढाच काय तो पैशाचा मोबदला.

शेवटी मिस्त्रीला बोलावलं. त्यानं पाना बाहेर काढला नाही. बॅटरीकडं बघितलंसुद्धा नाही. “गुरुजी, मारा सेल्फ,” म्हणाला. तीनदा मारायला लावला आणि मग बॅटरीपासून सेल्फकडं जाणाऱ्या जाड केबलच्या दोन्ही टोकांना त्यानं हाताची मागची बाजू हळूच लावली. एका टोकाला काही झालं नाही. दुसऱ्या टोकावरून हात झटकन मागं आला.

“हे पाहा. चटका बसते. जिथं चटका, तिथं भानगड.”

(निदानाची ही रीत मी पुढं घरातल्या बोलण्यालाही लावून पाहिली. तंतोतंत जुळते.)

केबलच्या टोकाला जी तांब्याची नळी असते, पुढं चपटी आणि मधे बोल्टचं भोक असलेली, तिला दुकानात लग म्हणतात आणि मिस्त्री लोक थिंबल म्हणतात. आमच्या थिंबलमध्ये केबल अशी सैल झाली होती की हातानं गोल फिरत होती. आत तारा हिरव्यागार. ॲसिडाची वाफ आणि तांबं यांच्या संसारातून तयार होतो तो मोरचुदाचा हिरवा-निळा भुसा. थोडा चुना मिळाला असता तर दोन संत्र्यांच्या झाडांना पुरेल एवढं बोर्डो मिश्रण तिथंच झालं असतं.

“पण हॉर्न तर वाजते ना!” भाऊ म्हणाला. “लाइटही लागते.”

इथं माझ्यातला मास्तर जागा झाला. मी खडू मागवला आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर ओहमचा नियम लिहिला. समजा, जोड बिघडून तिथं 0.01 ओहम रोध तयार झाला. म्हणजे एका ओहमचा शंभरावा भाग; नाव घेण्यासारखाही नाही. हॉर्न पाच अँपिअर मागतो. 5 गुणिले 0.01 म्हणजे 0.05 व्होल्ट. बारातून एवढंसं गेलं तर हॉर्नला पत्ताही लागत नाही. पण डिझेलचं थंड इंजिन फिरवायला सेल्फ मागतो दोनशे-तीनशे अँपिअर. 300 गुणिले 0.01, म्हणजे 3 व्होल्ट वाटेतच गडप! शिवाय तीनशेचा वर्ग गुणिले 0.01, म्हणजे 900 वॅट उष्णता त्या नखाएवढ्या जागेत. कपड्याच्या इस्त्रीएवढी. मिस्त्रीचा हात उगाच मागं आला नव्हता.

थोडक्यात, सैल जोड हा नातेवाइकासारखा. चहापाण्यापुरता उत्तम. पाच मागा, हसून देतो. तीनशे मागितले की गरम होतो आणि ‘कट्’.

गणित संपलं तेव्हा मडगार्डसमोर फक्त मी आणि बकरी उरलो होतो. चौतीस वर्षं मी हा नियम फळ्यावर शिकवला. माझे स्वतःचे तीन व्होल्ट कधी हरवले नव्हते, म्हणून तो मला नीट कळला नव्हता.

मिस्त्री जाता जाता म्हणाला, “मलकापूरहून तयार केबल आना, नाही तर थिंबल आना, मी झाळून देतो. पन आज नाही, उद्या नाही. सीझन हाय.” मी म्हणालो, “त्यात काय, मीच झाळतो.” त्यानं माझ्याकडं पाहिलं. रोगी स्वतःच टाके घालतो म्हणाल्यावर डॉक्टर पाहील, तसं. मग म्हणाला, “घाला. पन आधी वजाची केबल सोडा, मग अधिकची. जोडताना उलटं.” हा नियम मात्र अंकगणितात नाही. ट्रॅक्टरचं सगळं लोखंडी अंग वजाला जोडलेलं असतं. अधिकचा बोल्ट आधी सोडताना पाना त्या अंगाला टेकला, तर पाना, बोल्ट आणि माणूस तिघंही उजळून निघतात. बॅटरीच्या तोंडाशी हायड्रोजन जमलेला असला तर सोबत फटाकाही.

दुकानात गेलो. “थिंबल द्या.”

“किती स्क्वेअरचं?”

थिंबलचा अर्थ मी इंग्रजीच्या तासाला शिंप्याचा अंगुस्ताना असा सांगत आलो होतो. तो चौरसात मोजतात हे ठाऊक नव्हतं. “बोटाएवढं,” म्हणालो. दुकानदारानं माझं बोट पाहिलं आणि 35 स्क्वेअरचं काढलं. म्हणजे तांब्याचा छेद 35 चौरस मिलिमीटर. अशा केबलच्या एका मीटरचा रोध अर्ध्या मिलिओहमच्या आसपास. तीनशे अँपिअर गेले तरी पावव्होल्टही खाणार नाही. प्रामाणिक वाहतूक याला म्हणतात. दुकानदारानं स्वस्तातली दुसरी केबलही दाखवली. वरून तांब्यासारखी लाल. नखानं खरवडली तर आत पांढरी : ॲल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा. ॲल्युमिनियमला साधा डाख धरत नाही, तो त्याच्यावरून घरंगळतो. रंग एकाचा आणि जात दुसऱ्याची, हे मी निवडणुकीच्या दिवसांत बरंच पाहिलेलं असल्यानं खरं तांबंच घेतलं. वेल्डिंगला वापरतात ती लवचीक केबल, बारीक शेकडो तारांची.

घरी माझ्याकडं सोल्डरिंगची एक कांडी होती, 25 वॅटची. तिच्यावर मी शाळेचे रेडिओ दुरुस्त केले होते. ती तापवून थिंबलला टेकवली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. डाखाच्या तारेचा थेंब पडे आणि मोत्यासारखा गोल होऊन घरंगळून जाई. वास्तविक कथील-शिशाचा डाख 183 अंशांना मऊ पडू लागतो. मोताळ्याचे 44 वजा केले तर उरतात फक्त 139! पण तांब्याचा स्वभाव असा, की एका टोकाला सांगितलेलं ते दुसऱ्या टोकाला पोचवल्याशिवाय राहत नाही. मी इकडं उष्णता देत होतो आणि ते ती मीटरभर केबलभर वाटत होतं. शेवटी केबलचं दुसरं टोक कोमट झालं. ते माझ्या मांडीवर होतं, म्हणून कळलं.

बायको दारातून पाहत होती. “उदबत्तीनं भाकर भाजत नसते,” एवढंच म्हणाली.

मी स्वयंपाकघरात शिरून गॅसकडं पाहिलं. तिनं आधी सांडशी उचलून पदरामागं घेतली. “माया सांडशीले शिसं लागलं नाही पाह्यजे. आन् कल्हई असं होत नसते.” मग तिनं खामगावच्या माहेरची कल्हई सांगितली. कल्हईवाला अंगणात खड्डा करून भाता लावी. भांडं आधी चांगलं तापवी. मग नवसागराची चिमूट. पांढरा धूर उठे आणि तांब्या-पितळेवरचा मळ निघून जाई. मग कथलाची कांडी नुसती टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं फिरवायची. “भांडं तापवा लागते, कथील नाही,” ती म्हणाली. विज्ञान शिकवण्यात माझा जन्म गेला आणि धातुशास्त्राचा पहिला धडा घरातच ओट्याला टेकून उभा होता.

खात्री करायला सोनाराकडं गेलो. सोनारानं कान टोचावेत म्हणतात. माझे त्यानं उपटले. “गुरुजी, डाख आपन लावतो तिथं जात नाही. जिथं ऊब असते, तिथं जातो.” माणसांबद्दल बोलतोय की धातूबद्दल, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. नवसागर किंवा ॲसिडवाला मसाला विजेच्या तारेला लावू नका, मागं राहून तांबं खातो, राळेचा लावा, हेही त्यानंच सांगितलं.

फ्रिजवाल्याकडून गॅसची टॉर्च मागून आणली. वडाखालच्या ओट्यावर व्हाइस बसवला, कारण सावली तिथंच. इथं माझी चूक झाली. ओट्यावर सावलीबरोबर माणसंही असतात.

पाच मिनिटांत दोन पक्ष पडले. एक झाळणाऱ्यांचा, एक दाबणाऱ्यांचा. दाबणाऱ्यांचं म्हणणं : डाख तारांमधून वर चढतो, लवचीक केबल तिथं सळईसारखी कडक होते आणि ट्रॅक्टरच्या थरथरीनं नेमकी कडक-मऊच्या हद्दीवर तुटते. झाळणाऱ्यांचं म्हणणं : छिन्नी-हातोड्यानं ठोकलेल्या थिंबलमध्ये फटी राहतात, फटीतून ओल शिरते, ओलीतून हिरवं. दोघांचं खरं होतं, म्हणून भांडण मिटेना. हायड्रॉलिक दाबयंत्र असतं तर दाबणं उत्तम. ते कोणाकडंच नव्हतं. मतं सगळ्यांकडं होती.

जोड या विषयावर मोताळ्यात चर्चेला वेळ लागत नाही. वैनगंगा–नळगंगा नदीजोडाचं दुसरं टोक आमच्याच तालुक्यात यायचं आहे. गोसीखुर्दहून निघायचं आणि सुमारे 426 किलोमीटर चालून नळगंगा प्रकल्पात पडायचं. ऑगस्ट 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मान्यताही दिली. तेव्हापासून ओट्यावरचा प्रत्येक जण अर्धा पाटबंधारे अभियंता. एकजण म्हणाला, “तिकडं 426 किलोमीटरची केबल टाकून राह्यले, अन् गुरुजीले हे मीटरभर जमून नाही राह्यलं!” दुसरा म्हणाला, “केबलचं काय हो, टोक कोन बसवते ते पाहा.” त्या दिवशी ओट्यावर बोललेलं तेवढं एक वाक्य मला पटलं.

मी कामाला लागलो. केबलचं कव्हर थिंबलच्या नळीएवढं सोललं. तारा घासून लाल केल्या, मसाला लावला. कव्हरावर ओलं फडकं गुंडाळलं, म्हणजे ते जळत नाही आणि डाखही फार वर चढत नाही. थिंबल व्हाइसमध्ये तोंड वर करून उभं केलं, खालून टॉर्चची ज्योत दिली. डाखाची तार आत टेकवली मात्र, ती लोण्यासारखी ओघळली. नळी निम्म्याला भरली; आत पाऱ्यासारखं तळं. त्यात केबल हळूच बुडवली. डाख काठोकाठ आला. टॉर्च बंद.

इथवरचं काम हाताचं असतं. पुढचं काम स्वभावाचं. डाख पातळाचा घट्ट होईपर्यंत, मिनिट-दीड मिनिट, केबल हलू द्यायची नाही. हलली तर आतले कण अर्धवट बसतात, जोड बाहेरून धरलेला दिसतो पण आतून फुटलेला असतो. चेहऱ्यावरून ओळखता येतो : चांगला जोड चकाकतो, बिघडलेला राखेसारखा मळकट.

दीड मिनिट हलायचं नाही आणि बोलायचं नाही. मोताळ्यात, वडाखाली, रोहिणीत! विसाव्या सेकंदाला एकानं विचारलं, “जमलं काय गुरुजी?” विचारणाऱ्याकडं न पाहता उत्तर देणं हा आमच्याकडं अपमान समजतात. मी वळलो. केबलही वळली. जोड राखेसारखा.

पुन्हा टॉर्च, पुन्हा डाख. चाळिसाव्या सेकंदाला मोबाइल वाजला. मी हललो नाही, पण खिसा थरथरला. ‘आपका लोन मंजूर हो गया है’ एवढं सांगण्यासाठी तो जोड गेला.

तिसऱ्या वेळी मी मोबाइल बायकोकडं दिला आणि आयुष्यभर वर्गात वापरलेलं वाक्य वापरलं : “हाताची घडी, तोंडावर बोट!” ओट्यावरचे निम्मे माझे विद्यार्थी. पन्नाशीतली, पोटं सुटलेली, दोन तर नातवंडं असलेली माणसं; सगळ्यांची बोटं आपोआप तोंडावर गेली. वडावरचा कावळा ऐकू येऊ लागला. डाख थरथरला, स्थिर झाला, आणि आरशासारखा चकाकत गोठला. वैनगंगा, कपाशीचा भाव, दाबणारे, झाळणारे, सगळं दीड मिनिट थांबलं होतं. चौतीस वर्षांत इतकी शांतता माझ्या वर्गात एकदाच झाली होती. इन्स्पेक्टर आले होते तेव्हा.

“झालं!” मी म्हणालो. टाळ्या पडल्या. त्या विझता विझता भाच्यानं जमिनीवरून एक लाल रबरी टोपी उचलली. “मामा, हे कुठलं?”

ती थिंबलवर चढवायची टोपी. केबलमध्ये आधी घालून मग झाळायचं असतं. झाळून झाल्यावर ती कुठल्याच बाजूनं जात नाही, कारण दुसऱ्या टोकाला मी सकाळीच जुन्या केबलचं चांगलं उरलेलं टर्मिनल बसवून ठेवलं होतं. मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून गुंडाळला. ओट्यावर कोणी हसलं नाही. बोटं अजून तोंडावर होती.

खरी परीक्षा ट्रॅक्टरपाशी. बॅटरीच्या पेटीतून सेल्फकडं जाताना पत्र्यात एक भोक आहे, केबल जाईल एवढंच. दोन्ही टोकांना टोप्या-पागोटी घालून सजवलेली माझी केबल त्या भोकाशी येऊन थांबली, लहान दाराच्या मखरापुढं थांबलेल्या गणपतीसारखी. मिस्त्री तेवढ्यात आला. त्यानं केबल हातात घेतली, जोडावर नख फिरवलं, वाकवून पाहिलं. “झाळलं मस्त,” म्हणाला. “पन गुरुजी, आधी भोकातून काढायची, मग दुसरं टोक लावायचं.” मग त्यानं पाचच मिनिटांत कानस घेऊन भोक मोठं केलं, पत्र्याची धार केबल कापू नये म्हणून रबर लावलं, आधी अधिक जोडला, मग वजा, वर ग्रीसचं बोट फिरवलं. वैनगंगा–नळगंगावाल्यांना सांगण्यासारखी गोष्ट माझ्याकडं एवढीच आहे.

भावानं किल्ली फिरवली. ‘कट्’ नाही. ट्रॅक्टर एका दमात असा धडधडला की वडावरचा कावळा उडाला. मिस्त्रीनं थिंबलला हाताची मागची बाजू लावून पाहिली. हात तिथंच राहिला. गार.

ओटा उठून आला होता. सगळ्यांनी इंजिनाचा आवाज ऐकला, माना डोलावल्या, आणि त्यातला सर्वांत वडीलधारा भावाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “पाह्यलं? म्या पहिल्या दिवशीच सांगतलं व्हतं. बॅटरीच खराब व्हती. नवी टाकली, अन् घेतला का नाही सेल्फ!”

“घेनारच!” बाकीचे म्हणाले. “कंपनीचा माल हाय.”

माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं : तीनशे अँपिअर, तीन व्होल्ट, नऊशे वॅट, आकड्यांसकट. मडगार्डवर खडूचं गणित अजून पुसलंही नव्हतं. पण मी जागचा हललो नाही आणि बोललोही नाही. दीड मिनिट मोजलं. मग म्हणालो, “हो, बॅटरी चांगली लागली.”